हत्यार का अडकतं, आणि आता ते लागतं कशाला? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फौजेत मी आर्मरर होतो. म्हणजे दुसऱ्याचं हत्यार दुरुस्त करून त्याच्या हातात देणारा. आता गोव्यात वाळपईला घरी असतो. रविवारी सकाळी भरतीची तयारी करणारी पोरं येतात, कधी एनसीसीची मुलं-मुली येतात, आणि काजूला बोंडू धरायच्या सुमारास परवान्याच्या बंदुकीबद्दल विचारायला बागायतदार येतात. (दुरुस्ती मी करत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो.) प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, नुसता प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. काका, रायफल, कार्बाइन आणि एलएमजी यांत फरक काय?

रायफलीच्या नळीला आतून पीळ असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि वाट सोडत नाही. कार्बाइन आखूड असते, गाडीत किंवा खोलीत वावरायला सोपी. आपल्याकडे बरीच वर्षं कार्बाइन म्हटलं की ९ मिमी गोळीचीच डोळ्यांसमोर यायची. एलएमजी म्हणजे लाइट मशीनगन, सेक्शनमधलं (फौजेतल्या लहान तुकडीतलं) सलग फायर देणारं हत्यार. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्याबद्दल प्रश्न १३ मध्ये.

२. "रायफल अडकली" म्हणजे नेमकं काय अडकतं?

एक गोळी सुटली की पुढची सुटेपर्यंत आत बरीच कामं होतात. बोल्ट (नळीमागे सरकणारा लोखंडी दट्ट्या) मागे जातो, सुटलेल्या गोळीचा रिकामा खोका ओढून बाहेर फेकतो, पुढे येताना मॅगझीनमधून (गोळ्यांच्या डब्यातून) नवी गोळी ढकलतो, ती चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, बसवतो आणि कुलूप लावतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. यातलं एक जरी अर्धवट राहिलं की चाप ओढूनही आवाज येत नाही. फौजेत याला 'रोक' म्हणतात, आणि ती काढायच्या पहिल्या ठरलेल्या हालचालींना 'फौरी इलाज'. एनसीसीत ज्यांनी इन्सास (आपली देशी रायफल, प्रश्न ६) शिकली त्यांना हे दोन शब्द पाठ असतील.

अंधारातही रोक ओळखता येते. कॉकिंग हँडल, म्हणजे बोल्ट ओढायची मूठ, अर्ध्यावर थांबलं असेल तर खोका किंवा गोळी तिरकी बसली आहे. पूर्ण पुढे असेल आणि नुसता 'टक्' झाला असेल तर गोळी फुसकी निघाली किंवा चेंबर रिकामं आहे. चांगला जवान बघत बसत नाही, त्याचा अंगठाच सांगतो.

रेंजवर शिकाऊ मुलांनी मात्र फौरी इलाजाच्या भानगडीत पडू नये. नळी टार्गेटकडे ठेवायची, बोट चापावरून काढायचं, हात वर करायचा. "सर, चालत नाही" म्हणत रायफल घेऊन मागे वळणारा पोरगा मी पाहिला आहे. त्याच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकदम लोटांगण घातलं होतं.

३. हत्यार भरवशाचं आहे हे मोजतात कसं?

दोन रोकांच्या मध्ये सरासरी किती गोळ्या सुटल्या, यावरून. अमेरिकी सैन्याने २००७ साली धुळीच्या खोलीत चाचणी घेतली होती. चार प्रकारच्या रायफली, प्रत्येकी १० नग, प्रत्येक नगातून ६,००० गोळ्या. म्हणजे एका प्रकाराला ६०,००० गोळ्या. एम-४ कार्बाइन ८८२ वेळा अडली, साधारण ६८ गोळ्यांमागे एकदा. एक्सएम-८ फक्त १२७ वेळा, म्हणजे ४७० गोळ्यांमागे एकदा. स्कार २२६ आणि एचके-४१६ २३३.

आकडे पाहून "एम-४ टाकाऊ" म्हणायचा मोह होतो. पण त्याच वर्षी आधी झालेल्या चाचणीत हीच एम-४ ३०७ वेळा अडली होती. आणि ८८२ पैकी २३९ रोका मॅगझीनच्या खात्यात गेल्या होत्या. चाचणीचा आकडा मी सावकाराच्या वहीसारखा वाचतो. खालची बेरीज बघण्याआधी कोणाच्या नावावर काय लिहिलंय ते बघावं.

४. एके-४७ कधीच अडकत नाही, चिखलातून काढली तरी चालते, हे खरं का?

अर्धं खरं. एकेचे भाग एकमेकांत सैल बसतात, बोल्टला मागे ढकलणारा पिस्टन लांब आणि वजनदार, गोळीचं काडतूस पुढे निमुळतं. निमुळतं काडतूस चेंबरमधून सहज सुटतं. नळीला आतून क्रोमचा मुलामा असतो. त्यामुळे काजळी, थोडी वाळू आणि आळशी हात ती खपवून घेते.

पण चिखल ही वेगळी गोष्ट. एकेचा सेफ्टीचा पत्रा खाली केला की बाजूला लांब फट उघडी पडते. तिथून लगदा आत गेला की सैल असण्याचा फायदा संपतो, कारण आत शिरलेल्या घाणीला बाहेर यायला वाट नसते. अमेरिकी एम-१६ सारखी घट्ट बांधणीची रायफल, खोका बाहेर पडायच्या खिडकीचं झाकण बंद असेल तर, चिखल मुळात आत घेतच नाही. धूळ आणि काजळीत एके सरस, लगद्यात बंद घराची रायफल बरी.

५. मग जास्त दोष कशात निघतो?

मॅगझीनमध्ये. विश्वास ठेवा, माझ्या टेबलावर "रायफल खराब" म्हणून आलेल्या हत्यारांतली कितीतरी नुसतं मॅगझीन बदलून परत गेली.

मॅगझीन म्हणजे पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा, आत स्प्रिंग, वर दोन ओठ. ते ओठ गोळीला ठराविक कोनात धरून ठेवतात. एखादा ओठ केसभर उघडला की गोळी नाक वर करून येते आणि चेंबरच्या तोंडावर आपटते. मॅगझीन सिमेंटच्या फरशीवर पडतं ते नेमकं तोंडावरच, कारण भरलेलं असताना वजन वर असतं.

एक जवान तीन आठवडे एकच तक्रार घेऊन येत होता. मी एक्सट्रॅक्टर (खोका ओढणारा आकडा) बदलला, स्प्रिंग बदलली, चेंबरमध्ये आरसा घालून बघितलं. काहीच नाही. शेवटी त्याची मॅगझीनं ओळीने मांडली आणि एकेकात गोळ्या भरून अंगठ्याने दाबून सोडत गेलो. एका मॅगझीनमधली वरची गोळी वर यायला जरा अडखळायची, लिफ्ट मजल्यावर थांबताना अडखळते तशी. त्याच्यावर पांढऱ्या रंगाची टिकली लावली आणि बाजूला काढलं. महिनाभराने तेच टिकलीचं मॅगझीन दुसऱ्या कोणाच्या पाऊचमधून माझ्याकडे आलं! मोडीत काढायला कागद लागतात, कागद कोणाला नको असतात, म्हणून ते कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, परत गेलं होतं.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. थ्री-नॉट-थ्री या जुन्या रायफलीच्या काडतुसाला मागे कड असते. वरच्या गोळीची कड खालच्या कडेच्या मागे गेली की दोन्ही अडकून बसतात, म्हणून भरताना प्रत्येक कड खालच्या कडेच्या पुढे ठेवायची. ब्रेनगन या जुन्या एलएमजीच्या मॅगझीनमध्ये ३० मावायच्या, पण भरायच्या २८, म्हणजे स्प्रिंगवर ताण कमी.

६. इन्सास एवढी बदनाम का झाली?

५.५६ मिमीची इन्सास पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने आखली आणि प्रामुख्याने इशापूरच्या कारखान्यात बनली. फौजेत नुकती रुळत होती तोच १९९९ सालचं कारगिल आलं. तिथल्या थंडीत प्लॅस्टिकचं मॅगझीन तडकणं, रोका, तीन गोळ्यांचा बर्स्ट (एका चापात तीनच गोळ्या) लावला असता रायफल थांबेचना, झाडणाऱ्याच्या डोळ्यात तेल उडणं, अशा तक्रारी आल्या. पुढे २००५ साली नेपाळच्या सैन्याने एका चकमकीत मोठी हानी झाल्यावर इन्सासकडे बोट दाखवलं. भारताचं म्हणणं होतं की देखभाल आणि वापर नीट झाला नाही.

माझं मत विचाराल तर दोष खरे होते आणि बरेच नंतर दुरुस्तही झाले, पण नाव एकदा गेलं ते गेलं. त्या बदनाम मॅगझीनचा एक गुण कोणी सांगत नाही. ते अर्धपारदर्शक होतं, किती गोळ्या उरल्या ते दिसायचं. आणि नेम धरायला इन्सास वाईट कधीच नव्हती.

७. चांगली रायफल अचानक वाईट होऊ शकते का?

होऊ शकते, आणि रायफलीला हातसुद्धा न लावता. व्हिएतनाममधल्या एम-१६ ची गोष्ट तीच आहे. आखणी झाली तेव्हा काडतुसात एक दारू होती, सैन्यात आली तेव्हा वेगळ्या घडणीची दारू आली. नव्या दारूने काजळी जास्त धरली आणि रायफल ठरल्यापेक्षा भरभर चालायला लागली. चेंबरला क्रोम नव्हतं, दमट हवेत ते गंजायचं आणि खोका आत चिकटून बसायचा. त्यात भर म्हणून "ही साफ करावी लागत नाही" अशी समजूत पसरलेली, आणि सफाईचं सामानही पुरेसं पाठवलं नव्हतं. खोका अडकलेली रायफल हातात घेऊन पोरं मेली. १९६७ साली अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली. नंतर क्रोम आलं, बफर (बोल्टचा धक्का झेलणारा भाग) बदलला, सामान मिळालं, आणि त्याच रायफलीचे वंशज आजही चालू आहेत.

८. गोव्याच्या हवेत हत्याराला काय त्रास होतो?

तीन गोष्टींचा. खारा वारा, पावसाळा आणि लाल माती.

किनाऱ्याजवळ पोस्टिंगला असताना संध्याकाळी पुसून ठेवलेल्या नळीवर सकाळी तांबूस ठसा दिसायचा. बोटाचा ठसा, अगदी रेघा मोजता येतील असा. कोणाचा हात लागला ते ओळखायला पोलिसांची गरज नव्हती. घामातलं मीठ आणि हवेतलं मीठ एकत्र आलं की एक रात्र पुरते. म्हणून शेवटचा हात उघड्या बोटांचा नको, तेलाच्या चिंदीचा हवा.

डिचोली-साखळी भागात खनिजाच्या ट्रकांमागून उडणारी धूळ ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. तेलात मिसळली की तिचा रंधा होतो. पोरांना वाटतं जास्त तेल म्हणजे जास्त काळजी. पावसाळ्यात बाहेरून तेलाचा हात जरा सढळ चालेल, धुळीत मात्र पुसट. चेंबर आणि नळी फायरआधी कोरडीच. गोव्यात एकाच वर्षात दोन्ही ऋतू येतात, आणि मे महिन्याचं तेल जुलैत पुरत नाही.

९. आणि सियाचिनसारख्या थंडीत?

तिथे साधं तेल घट्ट होतं आणि बोल्ट आळसावतो, म्हणून तेल अगदी नावापुरतं. गरम तंबूत हत्यार आणलं की त्यावर दव धरतं आणि बाहेर नेताच त्याचा बर्फ होतो. त्यामुळे हत्यार थंडीतच राहू देतात. प्लॅस्टिकचं काय होतं ते प्रश्न ६ मध्ये आलंच.

१०. साफ, तेल दिलेली, मॅगझीन नवं, तरी बंद पडली. असं होतं?

होतं, तापल्यावर. २००८ च्या जुलैत अफगाणिस्तानात 'वानात' नावाच्या गावी एका छोट्या अमेरिकी ठाण्यावर मोठा हल्ला झाला. काही जवानांनी एम-४ मधून मॅगझीनमागून मॅगझीन रिकामी केली आणि रायफली बंद पडल्या. त्या कार्बाइनला सतत झाडायचा वेग मिनिटाला १२ ते १५ गोळ्यांचा धरलेला आहे. तिच्याकडून मशीनगनचं काम करून घेतलं तर ती किती वेळ करणार?

तापलेल्या रायफलीची आणखी एक खोड आहे. फायर थांबवलं तरी चेंबरमध्ये गोळी बसलेली असते. चेंबर फार तापलं तर ती गोळी चाप न ओढता सुटू शकते. बऱ्याच मशीनगनमध्ये बोल्ट मागेच थांबवतात तो यासाठी, चेंबर रिकामं राहून गार होतं.

११. गोवा मुक्तीच्या वेळी आपल्या जवानांकडे कोणती हत्यारं होती?

१९६१ च्या डिसेंबरात पायदळाच्या हातात मुख्यतः थ्री-नॉट-थ्री. एक झाडली की हाताने बोल्ट मागेपुढे करायचा, मॅगझीनमध्ये १० गोळ्या. जोडीला स्टेनगन (९ मिमीची कार्बाइन) आणि ब्रेनगन. एसएलआर, म्हणजे आपोआप भरणारी ७.६२ ची रायफल, त्यानंतर आली. त्या मोहिमेत वेळ खाल्ला तो पोर्तुगीजांनी उडवलेल्या पुलांनी. बाणस्तारी आणि बोरीचे पूल गेले, नद्या आडव्या आल्या. ब्रिगेडियर सगतसिंगांची ५० पॅरा ब्रिगेड तरीही १९ तारखेला पणजीत होती. जलद चाल आणि होड्या त्या दोन दिवसांत रायफलीपेक्षा मोलाच्या ठरल्या. पुढच्याच वर्षी हीच थ्री-नॉट-थ्री हिमालयात चिन्यांच्या आपोआप भरणाऱ्या रायफलींसमोर उभी राहिली, तेव्हा तिचं वय सगळ्यांना दिसलं.

१२. गोव्यात पूर्वी बंदुका बनायच्या असं ऐकलं. खरं का?

हो. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं तेव्हाच इथे बंदुकीचे चांगले कारागीर होते. १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांकडून जी तोड्याची (जळत्या वातीने बार उडणारी) बंदूक पोचली, ती गोव्याच्या घडणीच्या बंदुकीच्या कुळातली होती, असं बरेच अभ्यासक मानतात. जपान्यांनी तिच्यावरून हजारो बनवल्या. पुढे जुन्या गोव्याच्या वाटेवर पोर्तुगीजांचा दारूचा कारखानाही होता. हे सांगितलं की पोरं हमखास हसतात. बाबांनो, ती दारू वेगळी!

तोड्याच्या बंदुकीचा भरवसा मात्र आपल्या पावसासमोर शून्य. जळती वातच विझते.

१३. माझ्याकडे बागायतीसाठी परवान्याची दुनळी आहे. पावसाळ्यात काडतुसं फुटत नाहीत. काय करू?

जुनी कागदी काडतुसं असतील तर ती दमटपणाने फुगतात आणि चेंबरमध्ये जातच नाहीत, ठोकून तर अजिबात बसवू नका. प्लॅस्टिकची बरी टिकतात, पण पितळी बुडावर हिरवट थर आला की ती बाजूला काढा. डबा हवाबंद, कोरडा, चुलीपासून आणि मुलांपासून लांब.

चाप ओढला आणि बार उडाला नाही तर लगेच बंदूक उघडून आत डोकावू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ थांबा, कधीकधी ठिणगी उशिरा पोचते. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत घेताना नळीतून उजेड आरपार दिसतो का ते तिथेच बघा. कुंभारमाशी नळीत घर करते, गोव्यात तर हमखास.

१४. इन्सास किंवा एके परवान्यावर मिळेल का?

नाही. सैन्याच्या बोअरची (नळीच्या मापाची) हत्यारं साधारण नागरिकाला मिळत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालायच्या. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

१५. ५.५६ मिमी चांगली की ७.६२? फौज परत ७.६२ कडे का गेली?

आधी वजनाचं बघा. ५.५६ चं एक काडतूस साधारण १२ ग्रॅम, एसएलआरचं ७.६२ × ५१ (पहिला आकडा गोळीची जाडी, दुसरा खोक्याची लांबी, मिमीत) साधारण २४. दोनशे गोळ्या पाठीवर घेतल्या तर २.४ किलो की ४.८ किलो, हा सवाल आहे. डोंगर चढणाऱ्याला विचारा. बहुतेक चकमकी ३०० मीटरच्या आत होतात, हे दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षात आलं आणि जग हलक्या गोळीकडे वळलं.

मग उलटा प्रवास का? लांबवरच्या डोंगरावर आणि चिलखत घातलेल्या शत्रूवर जड गोळीचा मार जास्त. भारताने २०१९ साली ७२,४०० सिग-७१६ मागवल्या, त्या ७.६२ × ५१ च्या. पण सगळ्या फौजेसाठी निवडली ती एके-२०३, अमेठीजवळ कोरव्याला बनणारी, सहा लाखांहून अधिक. तिचंही ७.६२ च, पण ते ७.६२ × ३९, लहान काडतूस, साधारण १६ ग्रॅम. नुसतं "७.६२" म्हणून वाद घालणारे बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोळ्यांबद्दल बोलत असतात. अमेरिकेने तर २०२२ साली ६.८ मिमीची नवी रायफल निवडली. मार वाढला, पण मॅगझीनमध्ये ३० ऐवजी २० गोळ्या.

१६. ड्रोन आणि तोफांच्या जमान्यात रायफल लागते कशाला?

हा प्रश्न हल्ली सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे बरोबर ठिकाणी बोट ठेवतात. शत्रूचे जास्त बळी रायफल घेते, हे शंभर वर्षांत खरं नव्हतंच. पहिल्या महायुद्धातही सर्वाधिक माणसं तोफखान्याने मारली. युक्रेनमध्ये त्या यादीत लहान ड्रोनची भर पडली.

रायफलीचं काम वेगळं आहे. समोरच्याला डोकं वर काढू न देणं, म्हणजे तेवढ्यात आपली दुसरी तुकडी सरकेल किंवा तोफेचा गोळा पडेल. पणजीच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकणारा पोरगा रेडिओवरून तोफखान्याला जी चार वाक्यं बोलेल, त्याने कंपनीच्या सगळ्या रायफलींहून जास्त नासधूस होऊ शकते. पण ती चार वाक्यं बोलेपर्यंत त्याला जिवंत ठेवायला कोणीतरी रायफल धरून बाजूला लागतो. घर तपासायचं, नाक्यावर गाडी थांबवायची, शरण आलेल्याला ताब्यात घ्यायचं, यातलं बहुतेक काम एकट्या ड्रोनला जमत नाही.

आणि गंमत अशी की ड्रोनने रायफलीला नवं काम लावलं. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंच्या जवानांना ड्रोन पाडायला छऱ्याच्या बंदुका दिल्या गेल्या, म्हणजे आमच्या बागायतदाराचं हत्यार खंदकात पोचलं. आपल्या नौदलाने २०२० साली इस्रायलची 'स्मॅश' दुर्बीण मागवली. ती रायफलीवर बसते, हलणारं लक्ष्य पकडते आणि नेम जुळेपर्यंत गोळी सुटू देत नाही. माझ्यासारख्याला पुढची चिंता अशी की आता स्प्रिंग आणि ओठांबरोबर बॅटरीही तपासावी लागणार.

१७. गलवानमध्ये रायफली असून चालवल्या का नाहीत?

१९९६ च्या भारत-चीन करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून २ किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असं ठरलं होतं. जून २०२० मध्ये २० भारतीय जवान गेले ते दगड, सळया, दंडुके यांच्या मारामारीत. हत्यार भरवशाचं असणं आणि ते वापरण्याची मुभा असणं ही दोन वेगळी खाती आहेत.

१८. रिव्हॉल्व्हर तर कधी अडकत नाही ना?

फुसकी गोळी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची गोळी समोर येते. हा फायदा खरा. पण गोळीचं डोकं काडतुसातून जरा पुढे सरकलं किंवा चक्राखाली कचरा गेला की चक्र फिरत नाही, आणि मग फौरी इलाज नसतो, स्क्रूड्रायव्हर लागतो.

१९. नदी ओलांडताना रायफल बुडाली. बाहेर येताच झाडता येईल का?

आधी पाणी काढा. ५.५६ ची नळी इतकी बारीक असते की पाणी आपोआप ओघळत नाही, स्ट्रॉवर बोट ठेवल्यासारखं आत धरून राहतं. तशीच झाडली तर नळी फुगू किंवा फाटू शकते. नळी खाली करायची, बोल्ट थोडा मागे ओढून हवा आत जाऊ द्यायची, म्हणजे पाणी पडतं. ७.६२ ला हा त्रास कमी, पण सवय तीच ठेवावी. म्हादईत गुडघाभर पाण्यात घसरलेल्या पोरांना मी हे वाळूच्या काठावर, रबरी नळीच्या तुकड्याने दाखवतो. नळी उभी धरली तरी पाणी पडत नाही, वरचं बोट काढलं की 'भळ्ळ' करून येतं.